ऊन लागून कोणी कोसळलं तर आधी काय? (नागपूरकरांनो, इकडे या)

लेआऊटवाला | मे, रात्री ९.४०

नवतपा (मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) अजून लागायचा आहे आणि पारा आत्ताच ४५ च्या आसपास घुटमळतोय. आमच्या मानेवाड्याकडच्या लेआऊटमध्ये काल दुपारी एक प्रकार झाला. त्यावरून दोन-तीन प्रश्न डोक्यात आहेत, म्हणून धागा काढतोय.

शेजारच्या गच्चीवर वॉटरप्रूफिंगचं काम चाललं होतं. त्यातला एक पंचविशीचा पोरगा दीड-दोनच्या सुमारास खाली आला आणि जिन्यातच बसला. सोबतच्याने विचारलं तर भलतंच बोलायला लागला, "बैल सोडले का" वगैरे. मग आडवा झाला. बघता बघता पंधरा-वीस जण जमले. एकाने कांदा फोडून नाकाशी धरला, एक जण चप्पल हुंगवायला धावला, तिसरा पाण्याचा ग्लास तोंडात ओतायच्या बेतात. बाकी सगळ्यांचा एकच घोष: "गाडीत घाला, गाडीत घाला!" ऑटो आलाही होता.

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या सिस्टर काकू आल्या. सरकारी नोकरीतून रिटायर झाल्यात, आवाज अजून वॉर्डातलाच आहे. म्हणाल्या, "कुठं नेता? आधी पाईप आणा." त्याला पोर्चच्या सावलीत ओढलं, शर्ट-बूट काढले, अंगावर सतत पाणी, समोर टेबल फॅन. एकाला रसवंतीवर बर्फाला पिटाळलं आणि मला १०८ लावायला सांगितलं. अ‍ॅम्ब्युलन्स आली तेव्हा पोरगा डोळे उघडून स्वतःचं नाव सांगत होता. आज ठीक आहे, बोललो त्याच्याशी.

आता प्रश्न. गाडी दारात उभी असताना त्याला थांबवून ठेवणं बरोबर होतं का? जमलेल्यांपैकी निम्मे अजून म्हणताहेत की काकूंनी वेळ घालवला.

---

तर्रीपोहा | रात्री ९.५८

काकूंले साष्टांग नमस्कार जी. पण कांद्याले काही बोलायचं नाही हं! लहानपणापासून खिशात कांदा घेऊन फिरून राहिलो, मले कधीच ऊन लागलं नाही. आता बोला.

---

पुणे३० | रात्री १०.०४

पण त्याला घाम येत होता का? उष्माघातात अंग कोरडं ठणठणीत असतं असं शाळेत शिकलोय. घाम असेल तर साधी चक्कर असेल.

---

लेआऊटवाला | रात्री १०.०९

घामाने निथळत होता. म्हणूनच काही जण म्हणत होते की काही नाही, पित्त झालं असेल.

---

रात्रपाळी | रात्री ११.२५

कॅज्युअल्टीत बरेच उन्हाळे काढलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काकूंनी अगदी बरोबर केलं. आणि पुणे३०, ते कोरड्या अंगाचं विसरा. घरात बसून ऊन लागलेल्या म्हाताऱ्या माणसाचं अंग बहुधा कोरडं मिळतं. पण काम करता करता, धावता धावता कोसळलेल्या तरुणाला भरपूर घाम असतो आणि तरीही तो उष्माघातच असतो. शरीराच्या आतलं तापमान ४० च्या वर आणि सोबत डोकं बिघडलेलं, ही खरी खूण. डोकं बिघडणं म्हणजे असंबद्ध बोलणं, उगाच भांडणं, दारू प्यायल्यासारखा तोल जाणं, झटके, बेशुद्धी. "बैल सोडले का" हे ऐकलं तिथेच निदान झालं होतं.

उलट गरगरतंय, मळमळतंय, पायात गोळे आलेत, पण माणूस नाव-गाव-वार नीट सांगतोय, तर तो उन्हाचा थकवा. त्याला सावलीत बसवा, हळूहळू पाणी पाजा, लक्ष ठेवा. अर्ध्या-एक तासात बरं वाटलं नाही किंवा बोलणं बिघडलं तर वरच्या पायरीवर गेला असं समजा. थर्मामीटर शोधत बसू नका. काखेत ३८-३९ दाखवतो आणि आत ४१ असतं.

आता गाडीचा मुद्दा. उष्माघातात ताप किती चढला यापेक्षा तो किती वेळ चढून राहिला, यावर मेंदू, यकृत, मूत्रपिंड यांचं नुकसान ठरतं. साधारण अर्ध्या तासात तापमान ३९ च्या खाली आणायचं असतं. दुपारी दोनला मानेवाड्याहून निघालात, गाडी उन्हात उभी असल्याने आत भट्टी, सिग्नल, गर्दी, मग मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) गेटवर केस पेपर. तो अर्धा तास रस्त्यातच जातो, आणि तिथे पोहोचल्यावर आम्हीही पहिलं काम हेच करतो, पाणी आणि पंखा. म्हणून आधी गार, मग गाडी.

पण याचा अर्थ १०८ ला फोन नंतर करा असा नाही. एक जण फोनवर, बाकीचे पाण्यावर, दोन्ही एकाच वेळी. अ‍ॅम्ब्युलन्स लवकर आली तर आत न्या आणि आतही ओलं फडकं, वारा चालू ठेवा.

---

वैनगंगा | रात्री ११.४१

डॉक्टर, गार म्हणजे किती गार? आमच्याकडे म्हणतात तापलेल्या माणसावर एकदम थंड पाणी टाकलं की "शॉक" बसतो.

---

रात्रपाळी | रात्री ११.५६

ही भीती फार जणांना आहे आणि तिच्यापायी वेळ जातो. तरुण, काम करताना पडलेला माणूस असेल आणि घरी मोठा टब किंवा जमिनीलगतचा हौद असेल तर मानेपर्यंत थंड पाण्यात बसवणं हा सगळ्यात वेगवान उपाय आहे. बर्फ घातलेलं पाणीही चालतं. फक्त एक माणूस डोकं धरून शेवटपर्यंत तिथून हलता कामा नये. म्हाताऱ्यांना मात्र बुडवू नका, हृदयाला झेपत नाही. त्यांच्यासाठी ओलं करणं आणि वारा.

नागपूरच्या बाजूने एक गोष्ट आहे. मे महिन्याच्या दुपारी आपली हवा इतकी कोरडी असते की आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास, कधी त्याखालीही जाते. ओल्या अंगावर वारा लागला की पाणी भराभर उडतं आणि उष्णता घेऊन जातं. तुमचा कूलर याच तत्त्वावर चालतो. म्हणून साधं पाणी आणि पंखा इथे मुंबईपेक्षा कितीतरी चांगलं काम करतात. मृगाच्या आधी ढग येऊन चिकचिक सुरू झाली की कूलर जसा निकामी होतो, तसा हा उपायही लंगडा पडतो. तेव्हा बर्फावर भर द्या: मान, काखा, जांघा. रसवंतीवाल्याकडे पोत्यात लादी असतेच. फोडून फडक्यात बांधा. ते ओलं पोतंसुद्धा अंगावर घालायला उत्तम. गरम झालं की बदला.

आणि एक, जे कुठल्या पुस्तकात दिसणार नाही. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी दोनला अंगावर ओतू नका. ते कढत असतं. उन्हात पडलेल्या पाईपमधलं पहिलं पाणी तर हाताला चटका देतं. आधी हातावर घेऊन बघा, पाईप थोडा वाहू द्या, नाहीतर जमिनीखालच्या टाकीतून (संपमधून) किंवा माठातून घ्या.

---

तर्रीपोहा | रात्री ११.५९

हे लाखमोलाचं सांगितलं डॉक्टरसाहेब. आमच्याइकडे मे महिन्यात नळाले गिझर लागते काय, असं पाहुणे विचारतात!

---

सुमेधा_नंदनवन | सकाळी ७.१०

रात्रीत बरंच वाचायला मिळालं. माझा प्रश्न प्यायला देण्याबद्दल. पन्हं, ताक, ओआरएस, इलेक्ट्रॉल, ग्लुकोजची पावडर... नेमकं काय? आणि आमच्या सासूबाई भाजलेल्या कैरीचा गर अंगाला चोळतात, तळपायाला काशाची वाटी घासतात. थांबवायचं का त्यांना?

---

रात्रपाळी | सकाळी ८.३०

ज्याचं डोकं ठिकाणावर नाही त्याच्या तोंडात काहीही नाही. पाणी नाही, साखर नाही, कांद्याचा रस नाही. गिळण्याची शुद्ध नसते, ते फुप्फुसात जातं. ग्लास घेऊन येणाऱ्याची इच्छा चांगली असते, पण त्याला हात जोडून बाजूला करा. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा.

शुद्धीतल्या माणसाला पन्हं छान, मीठ घातलेलं ताक छान. ओआरएसचं पाकीट एक लिटरचं असेल तर अख्खं पाकीट एक लिटर पाण्यातच. अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात घालून पाजणारे खूप भेटतात, त्याने क्षार जास्त होतात आणि फायद्याऐवजी त्रास होतो. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. एकदा कालवलेलं चोवीस तासांनंतर फेकून द्या.

दुकानात ओआरएस नावाने गोड पेयांचे खोकेही विकले जायचे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने पेयांच्या नावात तो शब्द वापरायला मनाई केली. तरी केमिस्टकडून घेताना पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र आहे का ते बघा. लिटरला २०.५ ग्रॅमचं मिश्रण असतं, त्यात ग्लुकोज १३.५ ग्रॅम, बाकी मीठ, पोटॅशियम आणि सायट्रेट.

क्रोसिन देऊ नका. तापात मेंदूने शरीराचा काटाच वर सरकवलेला असतो, गोळी तो खाली आणते. उन्हात काटा जागेवर आहे, अंगच तापलंय. गोळीचा उपयोग शून्य आणि आधीच त्रासलेल्या यकृतावर बोजा.

सासूबाईंना थांबवायची गरज नाही. कैरीचा ओला गर अंगाला गारच लागतो. माणूस शुद्धीत असेल तर चोळू द्या. शुद्धीत नसेल तर वाटी खाली आणि पाईप हातात, एवढं ठरवून घ्या. त्यांनाच पाईप धरायला द्या, बघा कशा उत्साहाने धरतात.

---

मिहानकर | सकाळी ९.४५

मी साइटवर सेफ्टी बघतो. एक निरीक्षण: पडणारा बहुतेक वेळा नवा असतो. गावाहून कालच आलेला, किंवा लग्नाला आठ दिवस जाऊन परत आलेला. उन्हाची सवय अंगाला व्हायला एक-दोन आठवडे लागतात आणि सुटीत ती मोडते. नवीन माणसाला पहिल्या दिवशी नेहमीच्या पाचव्या हिश्श्याएवढंच काम, मग रोज तेवढंच वाढवत न्यायचं, असा नियम आहे. ठेकेदाराला पटवताना नाकी नऊ येतात, तो भाग वेगळा. "रोजी पूर्ण देतो तर काम पूर्ण नको?" यावर माझ्याकडे अजून चांगलं उत्तर नाही.

लेआऊटवाले, तो पोरगा नवा होता का?

---

लेआऊटवाला | सकाळी १०.०२

हो हो! बालाघाटकडचा. आदल्याच दिवशी आला होता.

---

झिरोमाईल | सकाळी ११.२०

४५ ला काय घाबरता, २०२४ च्या मे अखेरीस आपल्या शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ दाखवले होते. मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडलाय. सेन्सरलाच ऊन लागलं म्हणायचं.

गंमत सोडा. रस्त्यावर अनोळखी माणूस पडला तर लोक पोलिसांच्या भीतीने हात लावत नाहीत. त्याचं काय?

---

काळाकोट | दुपारी १२.१५

वकील म्हणून थोडक्यात. ऊन लागून पडलेल्याला मदत केली तर पोलिसांचा त्रास व्हायचं कारणच काय? भीती असते ती अपघाताच्या वेळी. तिथे मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ आलंय. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही. त्याआधी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याबाबतच्या मार्गदर्शक सूचनांना बळ दिलं होतंच. गंभीर जखमीला पहिल्या तासात दवाखान्यात पोहोचवणाऱ्यासाठी केंद्राची "राहवीर" योजना आहे, २५,००० रुपयांची.

---

वायरमन_खामला | दुपारी १.४०

सगळे पंखा-कूलर सांगून राहिले म्हणून मध्ये बोलतो. ओल्या माणसाजवळ लोखंडी बॉडीचा कूलर ओढू नका!! ओली फरशी, ओले पाय, आणि कूलरची बॉडी. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलरचा करंट लागून माणसं जातात, पेपरात वाचता ना? कूलरमधल्या टुल्लू पंपाची वायर पाण्यात सडते, बॉडीत करंट उतरतो, आणि अर्थिंग नसतं कारण तीन पिनांतली जाडी पिन कोणीतरी कापून टाकलेली असते, दोन पिनांच्या बोर्डात बसावी म्हणून. हे मी दर उन्हाळ्यात घरोघरी पाहतो.

पंखा लावायचाच तर प्लास्टिकचा, लांबून, वायर पाण्यात पडणार नाही असा. नाहीतर पुठ्ठा घ्या आणि दोघांनी हलवा. वीज नसली तरी पुठ्ठा चालतो.

---

सुमेधा_नंदनवन | दुपारी १.५५

बापरे. आणि कोणाला कूलरचा करंट लागलाच तर? आमची कामवाली मावशी ओल्या हाताने कूलर पुसते.

---

वायरमन_खामला | दुपारी २.१०

आधी मेन बंद. माणसाला हात लावायचा नाही, तोच करंट तुम्हाला. मेन सापडत नसेल तर कोरड्या प्लास्टिकच्या स्टुलावर उभं राहून कोरड्या काठीने वायर किंवा त्याचा हात बाजूला ढकला. ओली काठी, लोखंडी सळई नाही. हे घरातल्या विजेचं. बाहेर खांबावरची तार तुटून पडली असेल तर काठीचे प्रयोग करायचे नाहीत, लांब राहायचं, इतरांना लांब ठेवायचं आणि महावितरणला कळवायचं. पुढचं डॉक्टर सांगतील.

---

रात्रपाळी | दुपारी ३.०५

पुढचं असं. वीज बंद झाली याची खात्री झाली की खांदे हलवून मोठ्याने हाक मारा. प्रतिसाद नाही आणि श्वास नाही, किंवा अधूनमधून नुसते आचके देतोय, घरघर करतोय, तर हृदय थांबलंय असं धरा. तो आचका म्हणजे श्वास नव्हे, इथेच लोक फसतात आणि "श्वास चालू आहे" म्हणत थांबून राहतात.

कोणाला तरी बोट दाखवून १०८ लावायला सांगा, "कोणीतरी लावा" नाही. फोन स्पीकरवर. त्याला कडक जमिनीवर उताणं झोपवा, गादीवर नाही. छातीच्या मधोमध, बरगड्या जुळतात त्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताचा मनगटाजवळचा भाग, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ. ५ ते ६ सेंटीमीटर दाबा, मिनिटाला १०० ते १२०. म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोन. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. शिकलेले असाल तर ३० दाबांनंतर २ श्वास, नसाल तर नुसतं दाबत राहा. दोन मिनिटांत दमायला होतं, माणूस बदला, मध्ये खंड नको. बरगडी मोडल्याचा आवाज आला तरी थांबू नका. बरगडी जुळते.

आणि करंट लागून उठून बसलेला, "काही नाही झालं" म्हणणारा माणूसही ईसीजीला न्या. ठोके नंतर बिघडू शकतात. मावशींना तर आजच सांगा, प्लग काढल्याशिवाय कूलरला हात लावायचा नाही.

---

वैनगंगा | दुपारी ४.२०

उन्हाने झटके आले तर चप्पल?

---

रात्रपाळी | दुपारी ४.२६

चप्पल पायातच ठेवा. तोंडात चमचा नाही, हातपाय दाबून धरणं नाही, आजूबाजूचं टोकदार काही असेल तर सरकवा, झटका ओसरला की कुशीवर. गार करणं चालूच. पाच मिनिटांहून जास्त चालला तर १०८ ला तसं कळवा.

---

लेआऊटवाला | सायंकाळी ६.५०

सगळ्यांचे आभार. एक अडचण अजून सांगतो, बाहेरच्यांना हसू येईल. आमच्या लेआऊटमध्ये प्लॉट नंबर ४२ च्या शेजारी ११७ आहे आणि त्याच्या समोर ९. काल १०८ ला पत्ता सांगताना माझी त-त-प-प झाली. शेवटी "हनुमान मंदिराच्या मागची गल्ली, निळी टाकी" म्हटलं तेव्हा कळलं, आणि एका मुलाला चौकात हात करायला उभं केलं. आता प्रत्येक गेटच्या आत मोठ्या अक्षरात खूण आणि जवळचा चौक लिहून लावायचं ठरवतोय.

वायरमन भाऊ, घरात अर्थिंगचं काय बसवायचं ते सांगा, सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो.

---

वायरमन_खामला | सायंकाळी ७.१५

आधी अर्थिंग खरंच आहे का ते तपासून घ्या, नुसतं भोक असलेला बोर्ड म्हणजे अर्थिंग नाही. मग मेनला ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की वीज तोडणारा स्विच. नुसत्या एमसीबीने (लोड वाढला की पडणाऱ्या स्विचने) माणूस वाचत नाही, ती वायर वाचवते. आरसीसीबी बसवल्यावर तिचं टेस्टचं बटन महिन्यातून एकदा दाबून पाहा, खटकन पडली पाहिजे. आणि ती वारंवार पडते म्हणून काढून टाकू नका. पडते म्हणजे कुठंतरी गळती आहे, बहुतेक कूलरच.

---

तर्रीपोहा | सायंकाळी ७.३०

सगळं मान्य जी. पण कांद्याचं कोणी शेवटपर्यंत खोडून काढलं नाही, हे नोंदवून ठेवतो.

---

रात्रपाळी | सायंकाळी ७.४४

खिशात ठेवायला काही हरकत नाही. फक्त कोणी पडलं की तो खिशातच राहू द्या.

---

संपादक | रात्री ८.००

कांद्यावरचे पुढचे सतरा प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. इथे प्रथमोपचाराबद्दलच लिहावे.